थंडीच्या नावावर बिल फाडू नकोस

तर यंदाही बॅटरी गेली. एप्रिल आला, रस्त्यावरचं बर्फ सरलं, गॅरेजचं दार वर करून तू गाडीवरची खोळ ओढलीस, किल्ली फिरवलीस आणि इंजिनाने हूं की चूं केलं नाही. मग मला निरोप: "सर, विनिपेगच्या थंडीने याही वर्षी बॅटरी खाल्ली."

थंडीने खाल्ली? थंडीला दात कधी फुटले रे?

नाचता येईना, अंगण वाकडं. पाच महिने गाडीकडे ढुंकून पाहिलं नाहीस आणि खापर फोडलंस ते हवामानाच्या डोक्यावर. हे वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण तू इलेक्ट्रिकलचा. बॅटरीच्या प्रॅक्टिकलला हायड्रोमीटर डोळ्यासमोर धरून आकडा नीट वाचणारा, बाकीच्यांच्या वह्या तपासून देणारा तूच ना? म्हणून तर राग येतो. ज्याला कळत नाही त्याला शिकवता येतं. ज्याला कळतं आणि वळत नाही, त्याचा कान धरावा लागतो. आता धरलाच आहे, तर मुकाट्याने ऐक.

आधी तोंडी परीक्षा. बारा व्होल्टच्या बॅटरीत सेल किती? सहा. एका सेलचे व्होल्ट? साधारण २.१. पूर्ण चार्ज होऊन काही तास निवांत पडलेली बॅटरी मीटरवर किती दाखवते? १२.६ ते १२.७. अर्धी उतरली की? १२.२ च्या आसपास. आणि ११.९ म्हणजे? म्हणजे संपली. झोपेतून उठवून विचारलं तरी ही उत्तरं तू देशील. मग आता खरा प्रश्न. नोव्हेंबरात गाडी आत लावताना मीटर लावून पाहिलास? नाही. डिसेंबरात? नाही. फेब्रुवारीत? फेब्रुवारीत तू पुण्यात लग्नाच्या पंगती झोडत होतास. मीटर नाही म्हणावं तर तोही आहे. कपाटात, खोक्यात, प्लॅस्टिकसकट.

पुढचा प्रश्न. बॅटरी उतरताना आत काय होतं? दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं आणि आम्लाचं पाणी होत जातं. शाब्बास. आम्लाचं पाणी. म्हणजे बॅटरी जितकी उतरेल, तितकं आत निव्वळ पाणीच उरत जाईल. आणि थंडीत पाण्याचं काय होतं, हे विनिपेगमध्ये राहणाऱ्याला मी इथे पंख्याखाली बसून सांगायचं?

पूर्ण भरलेल्या बॅटरीतल्या आम्लाची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.२६५ च्या घरात असते. ते आम्ल उणे ५० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. तुमच्याकडे जानेवारीच्या रात्री पारा उणे २० च्या खाली जाणं नेहमीचं, उणे ३५ म्हणजे कडाक्याची रात्र. भरलेल्या बॅटरीला यातलं काहीच बाधत नाही. तीच अर्धी उतरलेली असेल तर उणे २५ च्या आसपास गोठायला लागते. पार उतरलेली तर उणे १० लाच हात टेकते. बर्फ झालं की ते फुगतं. प्लेटा वाकतात, डबा तडकतो, आणि मग तिला भंगारवाल्याशिवाय वाली नाही.

थंडी तीच. गॅरेज तसंच. बॅटरीची कंपनीसुद्धा तीच. शेजाऱ्याची जगते, तुझी मरते. का? शेजाऱ्याने भरून ठेवली, तू नुसती ठेवली.

अजून ऐक, म्हणजे थंडीवरचा आरोप पुरता मागे घेशील. नुसती पडून राहिलेली बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत असते. खोलीच्या तापमानाला महिन्याला तीन ते पाच टक्के. तापमान दहा अंशांनी घटलं की हा वेग साधारण निम्म्यावर येतो. उणे २० ला तो जवळजवळ नसल्यात जमा. भरलेली, तार सोडवलेली, धडधाकट बॅटरी गारठलेल्या गॅरेजात अख्खा हिवाळा सुखाने काढते. बॅटरीचं आयुष्य खरं कातरतं ते ऊन. मे महिन्यात अकोल्यातल्या कुठल्याही बॅटरीवाल्याच्या दुकानात उभा राहा, मग कळेल. तुझ्या बॅटरीची राखण करायला निसर्ग फुकट उभा आहे, आणि तू त्याच्याच नावाने बोटं मोडतोस!

सेल्फ मारताना थंडी आडवी येते, हे मी नाकारत नाही. उणे १८ ला बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर मात्र जवळजवळ दुप्पट लागतो. म्हणून तर बॅटरीवर सीसीएचा आकडा छापतात. उणे १८ अंशांत, ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता किती अँपियर मिळतील, तो हा आकडा. पण तो भरलेल्या बॅटरीचा. अर्ध्या बॅटरीला तो लागू नाही. गेल्या वर्षी दुकानदाराशी हुज्जत घालून सगळ्यात मोठ्या सीसीएची बॅटरी आणलीस. आणलीस आणि विसरलास.

आता तू म्हणणार, "पण सर, गाडी तर बंद होती. दिवे बंद, रेडिओ बंद. करंट गेला कुठे?"

हे तू विचारावंस? तू?

आजकालची गाडी बंद असते, झोपलेली नसते. अलार्म जागा. किल्लीची चाहूल घेणारा रिसीव्हर जागा. घड्याळ, कॉम्प्युटरची मेमरी, तुझ्या मोबाइलला गाडीची खबर पुरवणारं मॉडेम, सगळे थेंब थेंब पीत बसलेले. वर तुझी हौस. काचेवर डॅशकॅम लावलास. उभ्या गाडीतही तो चालू राहावा म्हणून तार थेट फ्यूजबॉक्समधून घेतलीस. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात ब्लूटूथचं डोंगल खोचलंस आणि तिथेच ठेवलंस. किल्ली टांगलीस गॅरेजच्या भिंतीवर, गाडीपासून दोन हातांवर. काही गाड्यांना तेवढ्या जवळ किल्ली असली की मालक आल्यासारखं वाटतं आणि त्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात. पाच महिने गाडी मालकाची वाट बघत होती. मालक पुण्यात श्रीखंड चोपत होता.

आता गणित कर. ५० मिलीअँपियर धर. एवढी गळती साधारणपणे चालण्यासारखी मानतात, म्हणजे हा बिघाड नव्हे. २४ तासांनी गुण. दिवसाला १.२ अँपियर-अवर. तुझी बॅटरी ६० ची. २५ दिवसांत अर्धी, ५० दिवसांत कोरडी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावलेली गाडी नाताळापर्यंत ठार. खरा कडाका त्यानंतर पडतो. तो पडला तेव्हा तुझ्या बॅटरीत आम्ल म्हणावं असं काही उरलं होतं का? गोठेल नाही तर काय करेल?

"माझ्या गाडीची गळती तेवढी नसेल," म्हणशील. नसेल? मोजलीस? बरं, २० धर. दिवसाला ०.४८. नोव्हेंबर ते मध्य एप्रिल झाले १६० दिवस. गुणाकार ७७ च्या जवळ येतो. बॅटरी ६० ची. आता वजाबाकी करून दाखव.

आठवीतलं पोर हे गणित करील. तू केलं नाहीस, कारण उत्तर तुला आधीच ठाऊक होतं. आणि उत्तर कागदावर आलं असतं तर खुर्चीतून उठावं लागलं असतं. तुझा खरा आजार हा आहे. न मोजणं. मोजलं नाही की माहीत नाही, माहीत नाही की दोष नाही. स्वतःच्या डोळ्यात धूळ फेकायची आणि मग "दिसलंच नाही" म्हणायचं.

आता तुझ्या एकेका सबबीचा समाचार घेतो.

"मित्राला सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करून ठेव." अरे शहाण्या, याने भलं काय झालं? सेल्फ मारताना खर्च होतो तो चार्ज तसा थोडाच. पण पुढे? गाडी जागेवर उभी, इंजिन मंद. अल्टरनेटर आपल्या ताकदीच्या किती खाली चालतो? त्यातून ब्लोअर, मागच्या काचेची तार, सीटचं हीटर, दिवे. उरलासुरला करंट बॅटरीकडे गेला तर गारठलेली बॅटरी तो पटकन घेत नाही. दहा मिनिटांत तिच्या पदरात पडतं काय? आणि इंजिनाचं काय झालं? ते पुरतं तापलंच नाही. आत पाणी साचलं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरलं, सायलेन्सर आतून गंजायला लागला. बॅटरी भरली नाही ती नाहीच, वर इंजिनालाही रोग लावलास. आणि गॅरेजचं दार उघडं ठेवायला त्या मित्राला सांगितलं होतंस का? बंद गॅरेजात इंजिन चालवलं की कार्बन मोनॉक्साइड भरतो. त्याला ना रंग ना वास. माणूस बसल्या जागी जातो. बॅटरी नवी मिळते. मित्र कुठून आणणार होतास?

"जम्पर देऊन सुरू केली, अर्धा तास हायवेला फिरवली, तरी दुसऱ्या दिवशी बंद." मग? अल्टरनेटर हा चालत्या गाडीची गरज भागवून बॅटरी भरलेली राखायला असतो. पार उतरलेली बॅटरी पुन्हा उभी करणं त्याचं काम नाही. लेड-ॲसिड बॅटरी पहिल्यांदा भराभर घेते, पण शेवटचे वीस टक्के घ्यायला तासन्‌तास लावते. अर्ध्या तासात ती भरेल असं तुला कोणी शिकवलं? मी तर नाही.

"सोलरची पट्टी आणली होती, विंडशील्डमागे लावायची." लावलीस कुठे? बंद गॅरेजात. वा! तिथे सूर्य काय दार ठोठावून येणार होता? आणि गाडी बाहेर असती तरी डिसेंबरात तुमच्याकडे दिवस असतो आठ तासांचा, सूर्य क्षितिजाला टेकलेला, काचेवर बर्फाचा थर. वस्तू विकत घेतली की काम झालं, ही तुझी जुनी खोड. पुस्तक घेतलं की अभ्यास झाला, मीटर घेतला की मोजमाप झालं, पट्टी घेतली की चार्जिंग झालं.

"एका वर्षी बॅटरी काढून घरात आणली होती. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते म्हणतात, म्हणून खाली लाकडी फळी घातली." हे ऐकून मी कपाळाला हात लावला. तिला पाट मांडून बसवलीस, जणू केळवणच होतं तिचं. मग पान वाढलंस का? चार्जर लावलास का? नाही! फरशीची ती गोष्ट जुन्या काळची. तेव्हा बॅटरीचे डबे लाकडाचे, रबराचे असत. ओल धरत, पाझरत. आजचा डबा पॉलिप्रॉपिलीनचा. फरशी त्याला काही करत नाही. ऐकीव गोष्ट तेवढी न चुकता पाळलीस आणि शिकलेली विसरलास. कारण फळी घालायला अर्धं मिनिट लागतं आणि चार्ज करायला रात्र.

"चार्जर लावला, पण तो बॅटरीला ओळखतच नाही. चार्जर खराब निघाला." चार्जर खराब नाही. आजचे बरेच स्मार्ट चार्जर आधी व्होल्टेज बघतात. ते फारच खाली असेल तर इथे बॅटरी आहे असं मानायलाच तयार होत नाहीत. ओळखण्यासारखं तू काही शिल्लक ठेवलं होतंस का? प्लेटांवर बसलेलं सल्फेट ताजं असतं तेव्हा चार्जिंगने परत विरघळतं. आठवडे, महिने तसंच राहिलं की त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात. मग ते करंटला दाद देत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा गेला. याला सल्फेशन म्हणतात, हे तू परीक्षेत लिहिलं होतंस. मार्कही घेतले होतेस. बैल गेला आणि झोपा केला. एप्रिलमधला चार्जर म्हणजे तो झोपा.

"वॉरंटीत बदलून मिळते का बघतो." बघ. वॉरंटी कारखान्याच्या दोषाची असते. आळसाची वॉरंटी अजून कोणी काढलेली नाही.

आणि सगळ्यात वाईट सबब: "जाऊ दे सर, नवी घेऊ. परवडतं." परवडतं म्हणून? पंचवीस रुपयांचं हायड्रोमीटर फोडलं म्हणून लॅबमध्ये रडकुंडीला आलेला पोरगा तूच होतास की दुसरा कोणी? पैसे आले तेव्हा वस्तूची कदर गेली, असंच ना? पाच-सहा वर्षं टिकणारी वस्तू वर्षाला एक या हिशेबाने फेकतोस आणि त्याला ऐपत म्हणतोस. मी त्याला माज म्हणतो.

"वेळ मिळाला नाही," हे तर बोलूच नकोस. रोज ऑफिसला नेतोस त्या दुसऱ्या गाडीचं, इंजिन उबदार ठेवणारं ब्लॉक हीटर रात्री न चुकता प्लगला लावतोस ना? हिवाळाभर? का? सकाळी ऑफिस गाठायचं असतं. तिथे विसर पडत नाही. हात तेच, तार तशीच, सॉकेट तोच. जिथे साहेब विचारणारा आहे तिथे तू शिस्तीचा पुतळा. जिथे विचारणारा फक्त तू आहेस, तिथे सगळा आनंदीआनंद.

ही काही रॉकेटची विद्या नाही. गास्तों प्लांतेने शिशाची ही बॅटरी १८५९ मध्ये केली. चार्ल्स केटरिंगने केलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकवर आला. त्याआधी गाडीसमोर वाकून हँडल मारावं लागायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. मोठमोठ्या डोक्यांनी घाम गाळून तुझं मनगट वाचवलं. बदल्यात तुझ्याकडून मागितलं काय? बॅटरी भरलेली ठेव. एवढंच. तेवढंही होत नाही?

आता उपाय. तुला माहीत आहेत, तरी सांगतो. पुन्हा "सांगितलं नाही" म्हणायला जागा नको.

गाडी ठेवायच्या आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भर. "परवाच चालवली, भरलेलीच असेल" हे चालणार नाही. असेल-बिसेल नको, मीटर लाव. टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू, कोरडं कर, व्हॅसलिनचा हात फिरव. वर बुचं असतील तर पातळी बघ आणि डिस्टिल्ड वॉटरच घाल, नळाचं नाही. डॅशकॅमची तार काढ, डोंगल उपट, किल्ली घरात ने.

गॅरेजात सॉकेट आहे? मग मेंटेनर लाव आणि लावलेलाच ठेव. मेंटेनर म्हण, जुना साधा चार्जर नको. साधा चार्जर भरलेल्या बॅटरीतही करंट ढकलत राहतो, पाणी उडवतो, प्लेटा उघड्या पाडतो. मेंटेनर आधी पूर्ण भरतो, मग १३.५ व्होल्टच्या आसपास येऊन नुसता धरून बसतो. गळती जेवढी, तेवढीच भरपाई. बॅटरी एजीएम प्रकारची असेल तर मेंटेनरवर एजीएम निवड. बटण शोभेला दिलेलं नाही. लाल चिमटा पॉझिटिव्हला. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर बसवलेला असेल तर काळा चिमटा टर्मिनलला न लावता बॉडीच्या धातूला लाव, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरलाही हिशेब कळतो. हिवाळाभरात वीज जळेल दहा-पंधरा युनिट. मेंटेनर नव्या बॅटरीपेक्षा स्वस्त मिळतो आणि वर्षानुवर्षं चालतो. यावर आता काय सबब काढतोस ते बघू.

सॉकेट नाही? मग निगेटिव्ह टर्मिनल सोड. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. निगेटिव्ह आधी. का? पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असलं, तर शॉर्ट. ठिणगी, भाजलेला हात, वितळलेला पाना. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. तार सोडण्याआधी रेडिओचा कोड लिहून ठेव. काचांचं सेटिंग पुन्हा करावं लागेल, त्याला घाबरू नकोस, गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. तेही प्लॅस्टिकमधून काढलेलं नसेलच. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेवर उघडत असेल, तर दार आपटण्याआधी ती उघडायची दुसरी सोय आहे का ते बघ. नाहीतर बॅटरी आत, पाना बाहेर आणि तू मध्ये.

गाडी उघड्यावर असते? मग बॅटरी काढून आत आण. पंधरा-वीस किलोचं ओझं आहे. गुडघे वाकवून उचल, उभीच धर, आडवी करू नकोस. महिन्या-दोन महिन्यांनी मीटर लाव. १२.४ च्या खाली दिसली की रात्रभर चार्ज कर. हवेशीर जागी. निजायच्या खोलीत नको, गॅसच्या हीटरजवळ नको. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. फळी घालायचीच असेल तर घाल बापडा. पण चार्जरही लाव.

आणि एक ताकीद. हे मस्करीत घेऊ नकोस. बॅटरी गोठल्याचा संशय असेल, डबा फुगलेला असेल, तर तिला चार्जर लावायचा नाही. जम्पर तर मुळीच नाही. गोठलेल्या बॅटरीत करंट ढकलला की ती फुटते आणि आम्ल तोंडावर येतं. आधी उबदार जागी आतलं बर्फ पूर्ण वितळू दे. मग तडा शोध. तडा सापडला की तिला निरोप दे. धड बॅटरीला जम्पर देतानाही क्रम पाळ. लाल आधी मेलेल्या बॅटरीला, मग लाल चांगल्या बॅटरीला, मग काळी चांगल्या बॅटरीला, आणि शेवटची काळी मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. ती हायड्रोजनजवळ पडू द्यायची नाही, म्हणून. लॅबमध्ये हे मी पाठ करून घेतलं होतं. तू पहिल्या बाकावर होतास.

तुझा तो एडमंटनचा मित्र, ज्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि आता तुला हसतो, त्यालाही सांग. त्याच्या गाडीतही बहुधा बारा व्होल्टची एक लहान बॅटरी आहे. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. गाडीच्या पुस्तकात बघायला सांग. आणि डिसेंबरात महिना-दीड महिना पुण्याला येणाऱ्या तुमच्या सगळ्या मंडळींनाही सांग. ५० मिलीअँपियरचं गणित त्यांनाही लागू आहे. विमानतळावरून उणे २५ मध्ये घरी पोचायचं, पोरं कुडकुडतायत, आणि गाडी मेलेली. तेव्हा विहीर खणायला बसू नका.

मी एवढा का चिडलो, ते आता ऐक. प्रश्न बॅटरीचा नाही. शंभर-दोनशे डॉलरची वस्तू, गेली तर गेली. पण तुझं ज्ञान तुझ्या हाताला कळत नाही, हे मला सलतं. कारखान्यात तू दुसऱ्यांची यंत्रं राखतोस. त्यांच्या देखभालीची वेळापत्रकं लिहितोस, कोणी तारीख चुकवली तर झापतोस. स्वतःच्या गॅरेजात मात्र तुझी एक तारीख नाही, एक नोंद नाही. दुसऱ्याच्या आळसाला तू निष्काळजीपणा म्हणतोस, स्वतःच्या आळसाला हवामान. हा कुठला न्याय?

पानभर काम आहे, एका संध्याकाळचं. अवघड काही नाही. तुला येत नाही असं काही नाही. महाग तर नाहीच नाही. म्हणून तुझ्यापाशी सबबही नाही. चुकीला मी माफी देतो, बाळा. माहीत असून केलेल्या चुकीला दोनदा देत नाही.

आत्ता, या एप्रिलमध्येच मेंटेनर विकत घे. ऑक्टोबरची वाट बघू नकोस, ऑक्टोबरात तू पुन्हा "उद्या बघू" म्हणशील. पुढच्या नोव्हेंबरात गाडी आत लावशील त्याच संध्याकाळी मीटर लाव, आकडा भिंतीवर लिही, मेंटेनर जोड. मगच जेवायला बस.